पडवीतले चिमणराव

चिमणरावांना मी पाहण्याआधी ऐकले, आणि तेही आमच्या मोठ्या काकांच्या तोंडून. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते खरे, पण त्याच्या लहरी वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत पोहोचत नव्हत्या. त्या लहरी आमच्याकडे वर्षातून एकदा, भाद्रपदात, एस.टी.ने येत. काका गिरगावात एका चाळीत राहत, चाळीतल्या एका बिऱ्हाडात संच होता, आणि त्या बिऱ्हाडाच्या दारात दाटीवाटीने उभे राहून जे पाहिले ते सगळे काका गणपतीला गावी आले की आरती आटोपल्यावर पडवीत करून दाखवीत. आजोबांची काळी टोपी डोक्यावर ठेवून, धोतराचा सोगा हातात धरून, दोन्ही खांदे आत ओढून ते उभे राहिले, की कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तरी हेच त्याची क्षमा मागतील असे वाटे. पुढच्याच क्षणी छाती पुढे काढून, गुरे हाकायची काठी जमिनीवर आपटून ते गुंड्याभाऊ होत. आम्ही मुलांनी मूळ पाहिलेलेच नव्हते, त्यामुळे नक्कल बरोबर की चूक हे ठरवायला आमच्यापाशी काही साधन नव्हते. आमच्यापुरते चिमणराव म्हणजे काकाच.

चि. वि. जोशींची पुस्तके गावच्या वाचनालयात होती आणि प्राथमिक शाळेत मास्तर असलेल्या माझ्या वडिलांनी ती वाचलेली होती. त्यामुळे चिमणराव हे नाव घरात नवे नव्हते. नवे होते ते दूरदर्शनवर चिमणराव आणि गुंड्याभाऊ झालेले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ही दोन नावे, आणि तीही काका कधी घेत, कधी विसरत. पुढे पुष्कळ वर्षांनी, काका निवृत्त होऊन गावी राहायला आले तेव्हा, त्यांना मी त्या नकलेची आठवण करून दिली. त्यावर ते जे बोलले ते माझ्या लक्षात राहिले आहे. ते म्हणाले, "अगो, गुंड्याभाऊ बोलत असताना चिमणराव काय करतात ते मला कधी आठवतच नसे. आणि हसू तर नेमकं तेव्हाच आलेलं असायचं."

या लेखाला निमित्त खरे म्हणजे काकांचे हे वाक्यच आहे. प्रभावळकरांवर लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या भूमिकांची यादी करतात, आणि यादी आहेही तशी डोळे दिपवणारी. पण यादी वाचून झाली की माणूस हातातून निसटलेला असतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षे ज्यांना मी पाहते आहे त्यांचा चेहरा, कुठलीही भूमिका नसतानाचा चेहरा, मला पटकन आठवत नाही. दूरदर्शनवर इतका काळ काढलेल्या नटाच्या बाबतीत हे नवल आहे, कारण त्या पेटीचा सगळा धंदाच चेहऱ्यावर चालतो. ती माणसाला रोज रात्री घरात आणते, जेवताना समोर बसवते, आणि दोन वर्षांत त्याचा चेहरा घासून घासून गुळगुळीत करून टाकते. मग त्याने कोणतेही काम केले तरी आपल्याला तोच दिसतो. प्रभावळकरांचे असे झाले नाही, आणि का झाले नाही याचा विचार मी आमच्या गावात बसून करते, कारण तो विचार करायला आमचे गाव जरा सोयीचे आहे.

आमच्या घरापासून चार घरे टाकून एक मामा राहतात. नात्याने मामा नव्हेत, सगळा वाडाच त्यांना मामा म्हणतो. आज ते शहात्तर वर्षांचे आहेत. उमेदीची तीसेक वर्षे त्यांनी दशावतारात, म्हणजे आमच्या कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, स्त्रीपार्टी केली. दिवाळी झाली, भात घरात आले, की जत्रा सुरू होत, आणि मामा कंपनीच्या पेटाऱ्याबरोबर बाहेर पडत, ते शिमग्याच्या पुढेमागे घरी येत. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरते, कुणी काय करायचे ते ठरते, आणि मग पखवाज, झांज आणि पायपेटी यांच्या आधारावर उजाडेपर्यंत संवाद जागच्या जागी रचले जातात. लहानपणी मी आईचा डोळा चुकवून देवळामागच्या खोपीत रंगपट पाहायला जात असे. मामा खोबरेल तेलात कालवलेला सफेदा तळहातावर घेत, हनुवटीपासून वर कपाळाकडे नेत, आणि मग हाताएवढ्या आरशात एकटक पाहत काही वेळ नुसते बसत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नसे. काजळ घालून झाले, अंबाडा बसला, नऊवारी नेसून झाली, की ते उठत, आणि उठताना आधीचे मामा उठत नसत. आम्ही मुली बाजूला होऊन त्यांना वाट देत असू, जशी एखाद्या लग्नघरातल्या बाईला द्यावी.

सकाळी परत येताना तेच मामा विडी ओढत, कानामागे राहिलेला पांढरा रंग तसाच घेऊन, कोयता कुठे ठेवला म्हणून बायकोवर ओरडत असत. रात्रीच्या तारामतीचा त्यांच्यावर काही हक्क उरलेला नसे. आमच्या भागात कुणाला याचे आश्चर्य वाटत नाही. नट म्हणजे रात्री दुसरा होणारा आणि सकाळी गवत कापायला जाणारा माणूस, ही इथली साधी समजूत आहे. 'परकायाप्रवेश' वगैरे भारदस्त शब्द समीक्षक वापरतात, मला ते जरा जडच वाटतात. मामांना विचारले तर ते म्हणतील की आधी लुगडे नीट नेसता आले पाहिजे.

संच आमच्या वाड्यात आला तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. अँटेना गोव्याच्या दिशेने वळवायची, खाऱ्या वाऱ्याने तिच्या जोडांना गंज चढायचा, माकडे तिच्या काड्या वाकवून ठेवायची. त्यावर जे दिसे त्यातले बरेचसे हिंदी असे. मराठी मिळे ते व्हिडिओवर. गणपतीत पाच-सहा घरे वर्गणी काढून कुडाळहून संच आणि कॅसेटी भाड्याने आणीत आणि अंगणात रात्रभर तीन-तीन चित्रपट चालत. १९८२ चा 'एक डाव भुताचा' मी असा अंगणात, खळ्याच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून पाहिला. त्यातला मास्तर आणि काकांचे चिमणराव हा एकच माणूस आहे हे मला कुणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी मी मानले नसते. पुढे १९९१ मध्ये 'चौकट राजा' आला. त्यातल्या मतिमंद नंदूने आमच्या गावातल्या एका घराला रडवले, कारण त्या घरात असा एक मुलगा होता. ते घर कोणते हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि चित्रपट संपल्यावर त्या घराची बाई उठून जाईपर्यंत अंगणातले कुणी उठले नाही, एवढे मला आठवते. दोन वर्षांनी 'झपाटलेला' आला आणि तात्या विंचू आला. आता त्याच अंगणातली मुले रात्री परसात एकटी जायला तयार होईनात. तीन चित्रपट आणि नट एकच, पण वाड्यात हे जाणणारी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मी त्या सुमारास गावच्या वाचनालयात काम करू लागले होते आणि आजही करते. बालविभागात 'बोक्या सातबंडे'ची पुस्तके इतकी हाताळली गेली आहेत की त्यांच्या पाठी मी खळ आणि मांजरपाटाच्या पट्ट्या लावून तीन वेळा शिवल्या आहेत. एकदा पाचवीतला एक मुलगा पुस्तक परत करायला आला आणि त्याने विचारले की हे लिहिणारे प्रभावळकर कोण. मी सहज म्हणाले, "अरे, तात्या विंचू." त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याची थट्टा करते आहे. मग पुस्तक उघडून त्याने लेखकाचे नाव पुन्हा वाचले, बोक्याच्या एका खोडीचे पान काढून मला दाखवले आणि म्हणाला, "हे तात्या विंचूनं लिवला?" त्याच्या आवाजातली तक्रार रास्त होती. ज्याला पाहून तो घाबरला होता तोच इतके दिवस त्याला हसवीत होता, ही एक प्रकारची फसवणूकच होती. त्या मुलाने पुस्तक परत केले नाही, आणखी आठ दिवसांसाठी लावून नेले.

मधल्या काळात मुंबईला मावशीकडे असताना मी 'हसवा फसवी' पाहिले होते. ते नाटक त्यांनी स्वतः लिहिलेले, आणि त्यात सहा भूमिकाही त्यांच्याच. माझ्या मागच्या रांगेतल्या दोन बायका प्रत्येक प्रवेशाला कुजबुजत होत्या, "हा तोच का ग?" नाना पुंजे झाले, दीप्ती झाली, तोवर त्या हसत होत्या. शेवटी वृद्ध गायक नट कृष्णराव हेरंबकर आले आणि त्यांची कुजबुज थांबली. खुर्चीत बसायला त्या म्हाताऱ्याला जो वेळ लागला, त्या वेळात नाट्यगृहात कुणी हसले नाही. हसायची परवानगी आहे की नाही याचीच सगळ्यांना शंका आली असावी. मला विचाराल तर त्या सहांतल्या दोन-तीन भूमिका आज आठवताना वेशभूषेचाच भाग जास्त वाटतो. रंग आणि टोप काढून घेतले तर खाली थोडे उरेल असे वाटते. हेरंबकरांचे तसे नाही. त्यांची दाढी-मिशी काढली तरी ते खुर्चीत तसेच, तितकाच वेळ लावून बसतील.

आमच्याकडे आणखी एक हिशेब मनात असतो. जयवंत दळवी आमच्या शेजारच्या आरवलीचे. त्यांच्या 'नातीगोती'मध्ये मतिमंद मुलाच्या बापाची भूमिका प्रभावळकरांनी केली आणि मुलाची अतुल परचुरे यांनी. पडद्यावर जो स्वतः नंदू झाला तो रंगभूमीवर नंदूसारख्या मुलाचा बाप झाला होता. एकाच दुःखाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पाहिलेला नट माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

आता टिपऱ्यांकडे येते, कारण घरात खरे राहायला आले ते टिपरेच.

२००१ मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या रोजनिशीच्या रूपातल्या लेखनावरून केलेली मालिका, दिग्दर्शक केदार शिंदे. आबा टिपरे, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शलाका आणि शिऱ्या, असे एक मध्यमवर्गीय बिऱ्हाड. कटकारस्थान नाही, कुणी कुणाच्या दुधात विष घालत नाही, जिन्यावरून कुणाला ढकलत नाही. मालिका आठवड्यातून एकदाच लागे, आणि मधले सहा दिवस प्रेक्षकाला स्वतःचे आयुष्य जगायला मोकळे असत. आमच्या गावात नुकताच केबलवाला आला होता. नारळाच्या झाडावरून झाडावर ओढलेली त्याची काळी वायर पावसात लोंबकळे आणि झावळी पडली की तुटे. त्यातच पुढे भारनियमन सुरू झाले. त्यामुळे टिपरे आम्ही सलग असे क्वचितच पाहिले. कधी पहिला अर्धा भाग मिळे, कधी शेवटचा.

माझ्या वडिलांना रोजनिशी लिहायची सवय होती. सहकारी संस्थेकडून नव्या वर्षाला फुकट मिळणारी डायरी, रोजच्या चार ओळी, त्यात पाऊस, नारळ किती पाडले, पाडेल्याला किती दिले, कोण येऊन गेले, कोण गेले. टिपरे सुरू झाल्यावर भावाने त्यांना 'टिपरे' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटले. ते वरवर रागावत. पण मालिकेच्या दिवशी जेवण लवकर उरकून, चष्मा पुसून, ते आरामखुर्ची संचाच्या अगदी जवळ ओढून बसत. त्यांची समजूत अशी होती की हा नट आपल्याहून वयाने मोठा असणार. वडील तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते, आणि मी हे सांगितल्यावर वडिलांनी दोन दिवस माझ्यावर विश्वास ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "मग त्याला गुडघ्याचं कसं कळलं?"

गुडघ्याचे म्हणजे असे. आबा बसलेले असतात आणि नातू आत येतो. आबा लगेच उठत नाहीत, आधी हात खुर्चीच्या दांड्यावर येतो, मग नजर नातवाच्या तोंडाकडे जाते, आणि उठण्याइतके ते तोंड पडलेले आहे की नाही हे ठरल्यावरच गुडघ्यांना त्रास दिला जातो. पुष्कळदा उठणे तिथेच रद्द होते आणि हात दांड्यावरून परत मांडीवर येतो. यात संवाद एकही नाही. राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम, रेश्मा नाईक ही मंडळी समोर आपापले बोलत असतात आणि आबा ऐकत असतात. त्यांचे ऐकणे फार बारकाईचे. सुनेचे ऐकताना मान थोडी खाली, मुलाचे ऐकताना वर्तमानपत्र अर्धे उघडे, नातीचे ऐकताना वर्तमानपत्राची घडी घातलेली. काकांना चिमणरावांचे जे आठवत नव्हते ते हेच असणार, असे मला त्या खुर्चीशेजारी बसून प्रथम वाटले.

आणि एक गोष्ट त्याहून अवघड. चिमणराव, नंदू, तात्या विंचू, हेरंबकर या सगळ्यांपाशी दाखवायला काहीतरी होते, काही लकब, काही रंग, काही आवाज. आबांपाशी काहीच नव्हते. पांढरे केस, चष्मा आणि घरातले कपडे, म्हणजे आमच्या गावातल्या कोणत्याही निवृत्त मास्तरापाशी असते तेवढेच. रंग लावून स्वतःला लपवणे सर्वांना समजते. हा माणूस उघड्या तोंडाने लपला. प्रत्येक घराला तो आपल्या घरातला म्हातारा वाटला आणि प्रभावळकर म्हणून तो कुणालाच दिसला नाही. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतले सर्वांत धाडसाचे काम मी याला मानते, आणि हे मत वाचनालयात मांडले की तात्या विंचूचे चाहते माझ्याशी भांडतात.

मालिका तीन-चार वर्षांत संपली. वडील हळहळले, पण मला वाटते योग्य वेळी संपली. रोज लागणाऱ्या आणि वर्षानुवर्षे न आटोपणाऱ्या मालिकांनी पुढे माणसांचे जे केले ते पाहता, आबांना शेवटी कुणा हरवलेल्या जुळ्या भावाला तोंड द्यावे लागले नाही, ही कृपाच म्हणायची.

२००६ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई' आला आणि प्रभावळकर त्यात गांधी झाले. सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना त्या भूमिकेसाठी आणि 'शेवरी'साठी मिळाला. वडिलांना गांधी ही ऐकीव गोष्ट नव्हती. आमच्या शेजारी शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, त्यात आजोबांनी लाठी खाल्ली होती, आणि मिठागराच्या बाजूने जाताना आजोबा ती जागा दाखवीत. त्यामुळे चित्रपट केबलवर लागला तेव्हा वडील जरा संशयानेच बसले होते. त्यांना भीती होती की आपले टिपरे पंचा नेसून येतील. पाहून झाल्यावर ते काही बोलले नाहीत. ते गेल्यावर, २०१२ च्या पावसाळ्यात, मी त्यांच्या डायऱ्या चाळत होते, तेव्हा त्या रात्रीची नोंद सापडली: "पाऊस नाही. नारळ ११२. गांधी बघितले. टिपऱ्यांची आठवण झाली नाही. बरे झाले."

त्याच डायऱ्यांत आणखी मागे, टिपऱ्यांच्या वर्षांत, जागोजाग अशा ओळी आहेत: "आज टिपरे. वीज गेली. अर्धेच." एका ठिकाणी नुसतेच लिहिले आहे: "आबांचे पटले नाही." कशाबद्दल पटले नाही ते लिहिलेले नाही, आणि आता ते कळायचा मार्ग नाही. पण शेजारच्या माणसाबद्दल लिहावे तसे त्यांनी ते लिहिले आहे.

'नारबाची वाडी' त्यांना पाहायला मिळाला नाही, तो २०१३ चा. आपली वाडी काही केल्या न सोडणारा आणि काही केल्या न मरणारा कोकणी म्हातारा, आणि त्याच्या मरणाची वाट पाहणारे खोत. मूळ नाटक बंगाली, पण ते इथे असे रुजले की आमच्याकडच्या दोन-तीन जणांनी तरी नारबा आपल्याच पणज्यावरून घेतला असल्याचा दावा केला. बोलीबद्दल तक्रारी झाल्या, त्या होणारच. सिनेमातले कोकणी बोलणे आमच्या माणसांना कधीच पुरते पसंत पडत नाही, आणि दहा मैलांवरच्या गावाचे बोलणेही पसंत पडत नाही. तरी म्हातारा चिवट होता हे सर्वांनी मान्य केले. २०१८ मध्ये रत्नाकर मतकरींच्या 'आरण्यक'मध्ये ते पुन्हा विदुर झाले. तरुणपणी जो विदुर केला होता तोच चौऱ्याहत्तराव्या वर्षी. ते नाटक मला पाहता आले नाही, याची रुखरुख आहे.

त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'एका खेळियाने' असे आहे. माझ्या वाचनालयात ते चरित्रांच्या कपाटात आहे. उत्तरेला रत्नागिरीकडे नमन करणाऱ्यांना खेळे म्हणतात, त्यामुळे तिकडून लग्न होऊन आलेल्या एका सुनेने ते लोककलांचे पुस्तक समजून नेले होते. तिने परत केले तेव्हा मी विचारले, कसे वाटले. ती म्हणाली की हा माणूस स्वतःबद्दल फारच कमी सांगतो, कामाबद्दलच सांगतो. मला हसू आले, कारण तिने अर्ध्या मिनिटात जे सांगितले ते मला समजायला चाळीस वर्षे लागली होती.

१२ सप्टेंबर २०२५ रोजी सुबोध खानोलकर दिग्दर्शित 'दशावतार' प्रदर्शित झाला. गणपती होऊन गेले होते, चाकरमानी परतले होते, आणि गावात त्या चित्रपटाखेरीज दुसरा विषय नव्हता. त्याच्या थोडे आधी, ऑगस्टच्या अखेरीस, बाळ कर्वे पंच्याण्णवाव्या वर्षी गेले होते. बातमी वाचली तेव्हा मला पडवीत आपटलेली काठी आठवली. काकाही आता नाहीत. मी मामांना म्हटले, चला, सिनेमाला जाऊ. मामा सहसा येत नाहीत. दशावतारावर कुणी काही केले की त्यांचे तोंड वाकडे होते, कारण शहरातली माणसे येतात, दोन रात्री बसतात, आणि मग मामांना दशावतार समजावून सांगतात. पण त्या दिवशी ते आले. धुतलेला सदरा घालून, छत्री घेऊन, रिक्षात माझ्याशेजारी ताठ बसले.

चित्रपटात बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी आहे. डोळ्यांनी अधू होत चाललेला, आणि आता हे काम सोडा म्हणून मुलाने विनवण्या केलेला. पुढची कथा मी सांगत नाही. मला स्वतःला उत्तरार्ध थोडा जास्तच मोठ्या आवाजाचा वाटला. पण पूर्वार्धात बाबुली आरशासमोर बसतो तेव्हा मी पडद्याकडे पाहणे सोडून शेजारी पाहिले. मामा पुढे वाकले होते. छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. बाबुली उभा राहिला, चालू लागला, आणि मामा पुटपुटले, "तोंड सगळेच रंगवतत. ह्येच्या पायांकडे बघ."

मी पाहिले. पाऊल टाकण्याआधी तो पायाच्या बोटांनी जमीन चाचपत होता. डोळ्यांनी जे दिसत नाही ते पायाने विचारून घेत होता, आणि हे इतक्या हळू की मामांनी सांगितले नसते तर माझ्या नजरेतून सुटले असते. हा नट मुंबईत वाढलेला, शिकलेला, जन्मभर शहरात राहिलेला. जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या उंचसखल खळ्यात पाय कसा पडतो हे त्याने कुठून आणले असेल, याचा विचार मी घरी येईपर्यंत करीत होते.

परत येताना पाऊस लागला. रिक्षावाल्याने दोन्ही बाजूंचे पडदे सोडले. बराच वेळ मामा गप्प होते. मग त्यांनी विचारले, "नाव काय म्हटलंस तेचा?" मी सांगितले. त्यांना चिमणराव ठाऊक होते, टिपरे ठाऊक होते, तात्या विंचू तर नातवंडांमुळे चांगलाच ठाऊक होता. मी एकेक नाव घेत गेले आणि ते प्रत्येक नावाला मान हलवीत गेले, पण ही सगळी नावे त्या एका नावाला जोडायची काही घाई त्यांना दिसली नाही.

"वय किती झाला?"

"एक्क्याऐंशी."

"एक्क्याऐंशी?" मामांनी छत्री एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "मगे माका काय धाड भरली हा?"

फाट्यावर रिक्षा थांबली. पैसे त्यांनीच दिले, मला देऊ दिले नाहीत. छत्री उघडता उघडता त्यांनी विचारले की आपल्या जत्रेची तारीख यंदा किती येते ते वाचनालयातल्या कॅलेंडरात उद्या पाहून ठेव. मी म्हटले, मामा, जत्रेला अजून दोन महिने आहेत.

"आसात मगे," ते म्हणाले. "लुगडा नेसूक अजून जमता काय, ता बघूक व्हया."